पंक्तीतलं औषध

बोडी, १८ जानेवारी २०१६

कयल,

तुझ्याशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ मी पळनीच्या मुरुगनसमोर घेतली आहे. लिहिणार नाही असं काही त्याला सांगितलं नव्हतं. तेव्हा हे पत्र आहे, बोलणं नाही. फोन करू नकोस. केलास तर मी उचलणार नाही, आणि मामाने उचलला तर त्याच्या हातातून काढून घेईन.

कामापुरतं लिहिते. माझ्या याळिनीला मदुरैच्या हॉस्पिटलात एका औषधाच्या चाचणीत घेतलंय. तिचा आजार इतका दुर्मीळ, की डॉ. हेप्सिबांनी तेनी, विरुदुनगर, रामनाथपुरम असे जिल्हे पालथे घातले तेव्हा कुठे बारा पोरं हाती लागली. सगळी आपल्यासारख्याच, नात्यात लग्नं झालेल्या घरांतली. हे मी स्वतःच्या हाताने लिहितेय, हो खूष. आजार सगळ्यांचा एकच. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत धावतात, मग पाय ऐकेनासे होतात, मग चाकांची खुर्ची. पुढचं लिहीत नाही. आपली याळिनी आता आठ वर्षांची आहे आणि भिंतीला हात लावून का होईना, चालते.

आता खरी गोष्ट. बाटल्या बारा, रंग एक, चवही एक. पण सहांत खरं औषध आणि सहांत नुसतं कडू-गोड पाणी. कोरं. कुणाला कुठलं ते चिठ्ठ्या काढून ठरलं आणि त्या चिठ्ठ्या कुलुपात गेल्या. आम्हाला माहीत नाही, डॉक्टरम्मांनाही माहीत नाही. वर्षभर पाजायचं आणि मग बघायचं, कुणाचे पाय टिकले.

मी म्हटलं, "डॉक्टरम्मा, औषध हातात असून निम्म्या पोरांना द्यायचं नाही?" त्या म्हणाल्या, "तेन्मोळी, ते औषध आहे की नाही हेच तर बघायचंय." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. तू कलकत्त्यात पोरांना हेच शिकवतेस ना, संख्याशास्त्र का काय ते? मग समजावून सांग मला. सोप्या शब्दांत. तिथल्या पोरांसमोर झाडतेस तसलं नको.

मामा म्हणतो, विचार तिला, मासे खाऊन जाड झाली का. तुझा मामा आणि माझा नवरा, एकच माणूस, आणि किती भोळा! हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याच्या तोंडावर तू म्हणालीस, "मामाशी लग्न केलंस तेव्हाच हे ठरलं होतं." तुला प्रत्येक परीक्षेला जीपमधून घाट उतरून सोडणारा माणूस तो. त्याला तुझा राग येतच नाही. त्याच्या वाटचाही मी करते.

तेन्मोळी


बोडी, ७ मार्च २०१६

कयल,

नऊ पानं! बोलायची बंदी केली तर लिहिण्यात वसूल केलंस. मामाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मधे दोनदा डोळे पुसले. त्यात रडण्यासारखं काय होतं, त्यालाच ठाऊक.

समजलं मला. मी दहावी पास आहे, दगड नाही. आजार प्रत्येक पोराच्या अंगात आपापल्या चालीने चालतो. एखादं वर्षात बसतं, एखादं चार वर्षं तग धरतं. सगळ्यांना औषध दिलं आणि काही टिकली, तर ती औषधाने टिकली की टिकणारच होती, हे कसं ओळखणार? हजारो रोगी असते तर असलं कमी-जास्त आपोआप जिरून गेलं असतं. बारांत ते जिरत नाही. मोजायच्या दिवशी एका पोराला ताप आला तरी सगळा हिशेब कलतो. म्हणून चिठ्ठी, म्हणून कोरं औषध, म्हणून गुपित. बरोबर ना?

पण बाई, तू कधी आमच्या हॉलमध्ये येऊन बस. दर महिन्याला बाटल्या घ्यायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्या मदुरैत पोचतो. हॉस्पिटलशेजारी चर्चच्या सिस्टर लोकांचा हॉल आहे, तिथे मुक्काम. चूल एक. कुणी तांदूळ आणतं, कुणी चिंच, किळक्करैची फातिमुत्तु तिचा तो तोदल नावाचा काळा हलवा आणते, दातांना चिकटणारा. बारा पोरं पानं मांडून एका ओळीत जेवायला बसतात. कुणाचा हात थरथरतो, कुणाची मान. एकमेकांच्या पानावर सांबार सांडतात आणि एकमेकांना शिव्या देतात.

पहिल्याच मुक्कामात फातिमुत्तु वाढता वाढता थांबली. म्हणाली, "अक्का, बारा पोरं एका पंक्तीत बसवायची, सहांना वाढायचं आणि सहांच्या पानावर नुसतं पाणी शिंपडायचं. आमच्यात याला पाप म्हणतात. डॉक्टरांच्यात काय म्हणतात?" सात्तूरची पेच्चिअम्माळ हसून हसून खाली बसली. आणि मग आमच्यातलं कुणीच हसेना. आपल्या आजीने पंक्तिप्रपंच करणाऱ्या सुनेला काय काय म्हटलं होतं, आठवतं ना तुला? त्या घरचं पाणीसुद्धा पुढे कुणी प्यायलं नाही.

असो. आमचं आम्ही बघून घेतलंय. ते तुला कळायची गरज नाही.

तेन्मोळी


बोडी, २२ ऑगस्ट २०१६

कयल,

तू पाठवलेली रंगाची पेटी याळिनीला मिळाली. "चित्तीने, माझ्या मावशीने पाठवली," असं गल्लीभर सांगत फिरली. मी अडवलं नाही.

सहा महिन्यांची मोजणी झाली. हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात पोराला उभं करतात आणि सहा मिनिटांत किती चालतं ते टेपने मोजतात. पहिल्या वेळी आम्ही सगळ्या आया दोन्ही बाजूंना उभ्या राहून ओरडत होतो. पेच्चीचा आवाज तर माहीतच आहे, म्हणजे तुला माहीत नाही, पण सात्तूरपासून शिवकाशीपर्यंत जाईल असा. तिचा पोरगा वेशू अक्षरशः घाबरून चालला. तेव्हा डॉक्टरम्मांनी आम्हाला खालच्या मजल्यावर हाकललं. म्हणाल्या, "मला पायांची ताकद मोजायचीय, आयांच्या घशाची नाही."

तू विचारलंस, याळिनीला औषध लागू पडतंय असं वाटतं का. वाटतं. एव्हाना पायऱ्यांवरून बसून सरकायला लागेल अशी भीती होती, पण अजून कठडा धरून उतरते. फातिमुत्तुच्या रहमतचंही तसंच. वेशूचंही. सगळ्यांनाच थोडं थोडं बरं वाटतंय. धावत नाहीत, पण कुणी बसलंही नाही. तुझ्या त्या कोऱ्या औषधवाल्या सहा पोरांचा कुठे पत्ताच नाही. मला हसू येतंय. का, ते विचारू नकोस.

आणि हे बघ, "अक्का, तुम्ही काही गडबड तर करत नाही ना" असलं मास्तरणीसारखं लिहायचं नाही. मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. तुझं नाक मी पुसलंय.

तेन्मोळी


बोडी, ३० जानेवारी २०१७

कयल,

हे पत्र पोचेल तेव्हा बसून वाच.

काल डॉक्टरम्मांनी आम्हाला हॉलमध्ये बोलावलं. कुलुपातल्या चिठ्ठ्या उघडल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "खरं औषध मिळालेली सहा आणि कोरं मिळालेली सहा, यांच्यात काही फरक नाही." आकडे असं म्हणतात की औषधात दम नाही. हे औषध बनवणारी परदेशातली कंपनी आता ते बनवणं बंद करणार. एवढ्या थोड्या पोरांसाठी पुन्हा कोण करणार चाचणी? अकरा वर्षं त्या या आजारामागे आहेत, लग्नसुद्धा केलं नाही. त्या आम्हाला म्हणाल्या, "मला माफ करा."

आम्हाला! कयल, आम्ही बारा बायका जमिनीकडे बघत बसलो. कुणी कुणाकडे मान वर करून बघेना.

सांगते. पहिल्याच महिन्यात, बाटल्या हातात पडल्यावर, सिस्टर लोकांचं पायसमचं स्टीलचं पातेलं मी घासून उकळत्या पाण्याने धुतलं. बाराच्या बारा बाटल्या त्यात ओतल्या, ढवळल्या आणि पुन्हा भरल्या. दर महिन्याला तेच. खरं कुठलं, कोरं कुठलं, कुणालाच कळायला नको. सगळ्यांना सारखं. फातिमुत्तु बोलली होती खरी, पण कल्पना माझी. पातेलं मी उचललं. आम्हाला वाटलं, आपण किती शहाण्या! निम्मं का होईना, प्रत्येकाच्या पोटात जातंय. आणि जात होतंच ना? पोरं टिकली ना वर्षभर?

काल रात्रभर मी हाच विचार केला. सगळ्यांच्या पोटात सारखंच गेलं तर फरक दिसणार कुठून? आकडे खोटं बोलले नाहीत. आम्ही त्यांना बोलायलाच दिलं नाही.

आता सांगितलं तर आम्हाला हाकलून देतील, आणि आमच्यामुळे कदाचित सगळंच गुंडाळतील. नाही सांगितलं तर औषध बंद होणारच आहे. महिन्याभराच्या बाटल्या उरल्यात घरात. मला मूर्ख म्हण, अडाणी म्हण, काय वाटेल ते म्हण. पण उत्तर लवकर दे. याळिनी कठडा धरून पायऱ्या उतरतेय गं.

अक्का


बोडी, १६ फेब्रुवारी २०१७

कयल,

फोन मी उचलला नाही. मामाने उचलला आणि माझ्या कानाला लावला. ऐकणार नाही अशी शपथ नव्हती, म्हणून ऐकलं. तू म्हणालीस, "अक्का, औषध नापास झालेलं नाही. त्याची परीक्षाच झाली नाही." मग तू रडायला लागलीस. मला वाटलं होतं ओरडशील. ओरडली असतीस तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं.

तू म्हणालीस तसं केलं. आधी बायकांना गोळा केलं. पेच्ची म्हणाली, "जीभ उचलशील तर बघ. माझ्या वेशूला काढून टाकलं तर तुझ्या दारात येऊन बसेन." मी म्हटलं, "बस, पण औषध बंद झालं तर तो तरी कुठे उभा राहणार आहे?" ती पिशवी घेऊन माझ्यामागे आली.

डॉक्टरम्मांच्या खोलीत आम्ही बाराजणी मावलो नाही. अर्ध्या दारात, अर्ध्या आत. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "किती महिने?"

"पहिल्यापासून."

कयल, त्या बाईंना कधी आवाज चढवताना कुणी पाहिलं नव्हतं. टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "एक वर्ष! माझं जाऊ दे, या पोरांचं एक वर्ष घालवलंत! यांच्याकडे किती वर्षं आहेत असं वाटतं तुम्हाला?" फातिमुत्तु पुढे झाली. "डॉक्टरम्मा, तुम्हीच एका पंक्तीत बसवलंत. अंधारात वेगवेगळं बसवलं असतंत तर कदाचित जमलं असतं. शेजारच्या पोराचं पान रिकामं दिसत असताना आपल्याला वाढायचं कसं, ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

डॉक्टरम्मांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "माझ्या आईनेही हेच केलं असतं. पण मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे लक्षात ठेवा." आणि तुझा नंबर मागितला. फोनवर म्हणालीस ती चाचणीची नवी युक्ती त्यांना सांग. इंग्रजीतच सांग, त्यांना तमिळबिमिळ काही नको, आकडे हवेत असं दिसतंय.

अक्का


बोडी, ११ जून २०१७

कयल,

कलकत्त्याला पोचलीस का? खाल्लंस का? डब्यातला चिंचेचा भात पहिल्या दिवशीच संपव असं सांगितलं होतं, ठेवून ठेवून आंबवला असशील.

माझं डोकं अजून हलकं हलकं वाटतंय. स्टेशनवर मी ठरवून गप्प उभी होते. पण तू गाडीतून उतरलीस ती अशी काटकुळी, की तोंडातून निघूनच गेलं, "मेले, जेवत नाहीस का?" शपथ तिथेच मोडली. मुरुगनला आपण फसवू शकत नाही, म्हणून काल पळनीला जाऊन केस देऊन आले. याळिनी माझ्या टकलावर हात फिरवून फिरवून हसतेय. मामा म्हणतो, आता आपल्या घरात अंडी आणायची गरज नाही.

हॉलमध्ये तू जे समजावलंस ते बायका अजून एकमेकींना सांगतात. बारा केळीची पानं मांडलीस आणि म्हणालीस, "कुणाचंही पान रिकामं राहणार नाही. पण वाढपी एकाच वेळी बाराजणांना वाढू शकत नाही ना? तो एका टोकाकडून सुरू करतो. कुणाला आधी, कुणाला मागून. फरक एवढाच, की इथे कुठलं टोक आधी ते कुणाला ठाऊक नसेल." पहिले काही महिने कुणालाच काही द्यायचं नाही, जुनं पोटातून जाऊ द्यायचं. मग सगळ्यांना बाटल्या, पण बहुतेकांच्या कोऱ्या, आणि एकेक करून चिठ्ठीच्या क्रमाने प्रत्येकाची खरी होत जाणार. शेवटी सगळ्यांची खरी. प्रत्येक पोराची तुलना त्याच्या स्वतःशीच. औषध खरंच काम करत असेल, तर ज्याची त्याची रेघ ज्याच्या त्याच्या वेळी वळेल. बाराही रेघा वेगवेगळ्या वेळी योगायोगाने वळणार नाहीत.

पेच्चीने विचारलं, "आणि जो शेवटी बसेल त्याचं काय?" मी तुझ्याकडे बघत होते. तू म्हणालीस, "त्याला सगळ्यात जास्त थांबावं लागेल. आणि त्या दिवसांत त्याचं काही गेलं तर ते परत मिळेल असं मी सांगू शकत नाही." खोटी आशा दाखवली नाहीस म्हणून बायकांनी तुझं ऐकलं.

डॉक्टरम्मा म्हणाल्या, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. फातिमुत्तुने साफ नकार दिला. "पोरांवर शपथ नको. शब्द दिला म्हणजे दिला." आणि बाराही जणींनी शब्द दिला. हॉस्पिटलच्या समितीने मान्यता दिली आणि कंपनीने उरलेलं औषध द्यायचं कबूल केलं, पण ही शेवटची खेप. यानंतर चूक झाली तर पुन्हा नाही.

फोनवर बोलू आता, हो. पण पत्र मी सोडणार नाही. फोनवर मामा मधे मधे बोलतो.

अक्का


बोडी, २६ फेब्रुवारी २०१८

कयल,

आज मला तुझा फार राग आलाय. तो लिहूनच काढते, म्हणजे फोनवर निघणार नाही.

याळिनीच्या बाटलीत अजून पाणीच आहे. सिद्ध करता येणार नाही, पण आईला कळतं. दिवाळीनंतर रहमत सावरला, पोंगलनंतर वेशू. व्हॉट्सॲपवर पेच्ची त्याचे व्हिडिओ टाकते, मग माझी आठवण होऊन पुसून टाकते. ते जास्त लागतं. इथे याळिनी जमिनीवरून स्वतःची उठायची, ते गेलं. परवा उंबऱ्यात पडली आणि हनुवटी फुटली. "अम्मा, माझं औषध आळशी आहे का?" असं विचारते. काय सांगू मी तिला?

काल दुपारी दारात फातिमुत्तु. किळक्करैहून तीन बस बदलून आलेली, काखेत थर्मास. बसायच्या आधी म्हणाली, "अक्का, आमचं खरं आहे, बघतेसच तू रहमतला. अर्धं आणलंय. त्याला अर्ध्यावर ठेवीन, काही बिघडत नाही. तू फक्त घे. कुणाला कळणार नाही."

मी थर्मास हातात घेतला. झाकण उघडलं. तोच वास. आत याळिनी रंगवत बसली होती आणि मला हाका मारत होती, लाल रंग सापडत नव्हता तिला. दोन चमचे, कयल. दोन चमचे पाजले असते तर महिन्याभरात ती उठून उभी राहिली असती कदाचित. आणि मग तिची रेघ चुकीच्या वेळी वळली असती, आणि रहमतची खाली आली असती. बारांतल्या दोन रेघा गेल्या की राहिलं काय? तूच शिकवलंस मला हे. नसतं शिकवलंस तर मी सुखाने पाजलं असतं.

झाकण लावलं आणि थर्मास तिच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "शब्द दिलाय." फातिमुत्तु म्हणाली, "तू दिलायस, याळिनीने नाही दिला." मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून अशा रडलो, की मामा जीप चालू ठेवूनच आत धावत आला. तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जाताना तिने याळिनीचा लाल रंग पलंगाखालून काढून दिला.

तू बरोबर आहेस हे मला माहीत आहे. तरी राग आहे. राहू दे थोडे दिवस.

अक्का


बोडी, ९ डिसेंबर २०१८

माझी कयल,

तुझं पत्र आलं. एकच पान. नऊ पानं लिहिणारी बाई एक पान लिहिते तेव्हा मला भीती वाटते.

निकाल तुला माझ्याआधी कळला असेल. डॉक्टरम्मांनी आम्हाला मोठा कागद दाखवला. बारा पोरांच्या बारा रेघा. प्रत्येक आधी खाली उतरत जाते आणि प्रत्येक आपापल्या महिन्यात वळून सपाट होते. बारापैकी अकरा अगदी नेमक्या. एकीचा घोळ आहे, त्या पोराला मधे कावीळ झाली होती. तरी कुणी नाकारू शकत नाही म्हणाल्या, औषध आजाराला थांबवतं. गेलेलं आणत नाही, पण आहे ते राखतं. कंपनी औषध बनवत राहणार. डॉक्टरम्मांनी पेच्चीला मिठी मारली आणि पेच्ची किंचाळली, ती सात्तूरला नक्की ऐकू गेली असेल.

सगळ्यात लांब उतरलेली रेघ कुणाची, ते मला न सांगताच कळलं. याळिनीला चिठ्ठीत शेवटचा नंबर आला होता. तिला एप्रिलमध्ये मिळालं. त्यानंतर ती जिथे होती तिथे थांबली. हात छान चालतात, रंगवते, माझ्या केसांना तेल लावते. चालत मात्र नाही. खुर्ची आणली.

तू लिहिलंस, "अक्का, रचना माझी होती. तिचं चालणं माझ्यामुळे गेलं." आता नीट ऐक, तुझं नाक पुसणारी बोलतेय. तुझ्यामुळे नाही. माझ्या लग्नामुळेही नाही, पातेल्यामुळेही नाही, चिठ्ठीमुळेही नाही. आजारामुळे. या घरात पुन्हा कुणी कुणाला "तुझ्यामुळे" म्हणायचं नाही. मी तुला म्हणणार नाही आणि तू स्वतःला म्हणायचं नाही. मामाने हे पत्र वाचलंय, तो मान हलवतोय. आणि फेब्रुवारीतला माझा राग केव्हाच संपलाय, तुला सांगायचं राहून गेलं. चुकलंच माझं.

मला तुझी आठवण येते. नाताळात ये. किती दिवसांची सुट्टी ते कळव, आणि कामं घेऊन येऊ नकोस.

कालची एक गोष्ट सांगून थांबते. आम्ही बाटल्या घ्यायला गेलो होतो. आता ज्याची त्याची, खरी. तिथे परमक्कुडीकडची एक नवी बाई आली होती, ओविया नावाची साडेचार वर्षांची पोरगी घेऊन. परवाच निदान झालेलं. बाई रडून रडून सुजलेली. कुणीतरी तिला आमच्या चाचणीबद्दल सांगितलं असणार. डॉक्टरम्मा आल्या तशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "अम्मा, चिठ्ठी कधी काढायची?"

डॉक्टरम्मा म्हणाल्या, "चिठ्ठी नाही." आणि बाटली तिच्या हातात दिली. "आजपासून पाजा."

तिला खरंच वाटेना. बाटली उलटीसुलटी करून बघत राहिली. फातिमुत्तु तिच्याजवळ गेली आणि चमच्याने किती, जेवणाआधी की नंतर, थुंकलं तर काय करायचं, सगळं सांगत बसली. तोवर पोरगी आईचा हात सोडून हॉलभर धावायला लागली. काय धावत होती गं! खांबाला वळसा घालून, आमच्या पिशव्यांवरून उड्या मारत, उगाचच. बाराही जणी तिच्या पायांकडे बघत होतो.

याळिनीने खुर्ची वळवून घेतली आणि तीही बघत राहिली. मग मला जवळ बोलावून कानात विचारलं, "अम्मा, ही आता अशीच पळत राहणार ना?"

मी म्हटलं, "हो." कयल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी एखाद्या पोराबद्दल हो म्हटलं आणि ते खोटं नव्हतं.

तुझी अक्का